सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरच्या सिम्युलेशनमध्ये इनलेटला आणि आउटलेटला नेमके काय द्यावे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर नेमके कशाला आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही एका सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरच्या एकाच पॅसेजचे, म्हणजे दोन पात्यांमधल्या एका वाटेचे, सिम्युलेशन करत आहात, आणि त्यात इम्पेलर (पात्यांचे फिरते चाक) व त्यापुढचा बिनपात्यांचा डिफ्युझर (हवेचा वेग कमी करून दाब वाढवणारा स्थिर मार्ग) एवढाच भाग घेतला आहे. हाताशी चाचणीचा अहवाल आहे आणि त्यात मास फ्लो (सेकंदाला जाणारे हवेचे वस्तुमान), फेरे व आउटलेटचा दाब दिलेला आहे. तुम्ही तीन जोड्या वापरून पाहिल्या. इनलेटला मास फ्लो आणि आउटलेटला स्टॅटिक प्रेशर (हवेचा नुसता दाब) दिले, तेव्हा गणित प्रत्येक वेळी कन्व्हर्ज झाले, म्हणजे एका उत्तरावर स्थिरावले, पण इनलेटचे टोटल प्रेशर (हवा नुकसान न होता थांबवली तर मिळेल तो दाब) दर बिंदूला वेगळे आले. इनलेटला टोटल प्रेशर आणि आउटलेटला मास फ्लो दिला, तेव्हा जास्त प्रवाहाकडचे बिंदू कोसळले. दोन्हीकडे दाबच दिला, म्हणजे इनलेटला टोटल आणि आउटलेटला स्टॅटिक, तेव्हा कमी प्रवाहाकडचे बिंदू कोसळले आणि आउटलेटवर उलट प्रवाहाच्या सूचना येऊ लागल्या. यांतली बरोबर जोडी कोणती, असे तुम्ही विचारले आहे.

तिन्ही जोड्या गणिताच्या दृष्टीने वैध आहेत. मात्र प्रत्येक जोडी यंत्राला वेगळा प्रश्न विचारते. म्हणून सीमेवर काय द्यायचे हे ठरवताना मी आधी दोन गोष्टी पाहतो. प्रत्यक्षात ती राशी कोण ठरवते, बाहेरचे जग की यंत्र स्वतः? आणि स्पीड लाइनच्या, म्हणजे ठरावीक फेऱ्यांना मास फ्लोनुसार दाबाचे गुणोत्तर दाखवणाऱ्या वक्राच्या, ज्या भागात मला उत्तर हवे आहे, तिथे त्या वक्राचा उतार कसा आहे? तुमच्या तिन्ही अनुभवांचा उलगडा या दोन गोष्टींतून होतो.

प्रथम राशींची संख्या. दाबनीय प्रवाहाच्या त्रिमितीय समीकरणांत माहितीचे पाच प्रवाह असतात. त्यांपैकी तीन प्रवाहाच्या वेगाने सरकतात, एक त्या वेगात ध्वनीचा वेग मिळवून आणि एक ध्वनीचा वेग वजा करून. सीमेला लंब असलेला वेग ध्वनीच्या वेगापेक्षा कमी असेल, तर इनलेटवर चार प्रवाह आत येतात आणि एक बाहेर जातो. आउटलेटवर चार बाहेर जातात आणि एकच आत येतो. म्हणून इनलेटला चार राशी द्यायच्या, बहुधा टोटल प्रेशर, टोटल टेंपरेचर आणि दिशेचे दोन कोन, आणि आउटलेटला एकच. इथे मोजायचा तो सीमेला लंब असलेला वेग. ट्रान्सॉनिक फॅनच्या टोकाशी पात्याच्या सापेक्ष मॅक क्रमांक १.४ असला, तरी अक्षीय वेग ध्वनीपेक्षा कमी असेल तर चार आणि एक हेच गणित लागू राहते. सापेक्ष प्रवाह सुपरसॉनिक दिसला म्हणून इनलेटला पाचही राशी देऊन टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या शॉकला मग पुढे सरकायला जागाच उरत नाही.

आता तुमची पहिली जोडी, इनलेटला मास फ्लो आणि आउटलेटला स्टॅटिक प्रेशर. ती सगळ्यांत गुणी वाटते, कारण कधी कोसळत नाही. पण ती कोसळत नाही याचे कारण पाहा. दोन्ही टोके बांधली आहेत आणि इनलेटचे टोटल प्रेशर मोकळे सोडले आहे. मॉडेलने दाबाचे गुणोत्तर चाचणीपेक्षा थोडे जास्त वर्तवले, तर आउटलेटचा दाब हलू शकत नसल्याने इनलेटचे टोटल प्रेशर खाली येते. समजा ते १०१.३ किलोपास्कलऐवजी ९६ वर स्थिरावले. मास फ्लो तोच असला तरी यंत्राला कळतो तो करेक्टेड मास फ्लो, म्हणजे मास फ्लो गुणिले टोटल टेंपरेचरचे वर्गमूळ भागिले टोटल प्रेशर. तो इथे साडेपाच टक्क्यांनी वाढला. चोकच्या, म्हणजे यंत्रातून जाऊ शकणाऱ्या कमाल प्रवाहाच्या, जवळ साडेपाच टक्के म्हणजे जवळजवळ सगळा खेळच. तुम्हाला वाटते की आपण चाचणीतला बिंदू चालवला. प्रत्यक्षात तुम्ही त्याच स्पीड लाइनवरचा दुसराच बिंदू चालवलेला असतो. जास्त प्रवाह मागितला की इनलेटचा दाब वर चढतो आणि करेक्टेड मास फ्लो चोकच्या आतच राहतो, म्हणून ही जोडी तिकडेही सुरळीत चालते. ती सुरुवातीच्या चाचपणीला वापरायला माझी हरकत नाही. पण आलेला बिंदू आलेखावर मांडताना करेक्टेड मास फ्लोने मांडावा, अहवालातल्या मास फ्लोने नव्हे.

इनलेटचे टोटल प्रेशर आणि टोटल टेंपरेचर या बाहेरच्या जगाने ठरवलेल्या राशी आहेत. चाचणीच्या वेळी यंत्र खोलीतली हवा ओढत होते आणि त्या हवेचा दाब किती असावा हे यंत्र ठरवत नव्हते. म्हणून कॉम्प्रेसरसाठी इनलेटला मी कायम टोटल प्रेशर, टोटल टेंपरेचर आणि दिशाच देतो. निवड करायची ती आउटलेटवर.

तिथे उताराचा प्रश्न येतो. स्पीड लाइन आडव्या अक्षावर मास फ्लो आणि उभ्या अक्षावर दाबाचे गुणोत्तर घेऊन काढली, की चोककडे ती जवळजवळ उभी कोसळते आणि सर्जकडे, म्हणजे प्रवाह इतका कमी की तो मागेपुढे हेलकावू लागतो त्या टोकाकडे, जवळजवळ आडवी होते. उभ्या भागात एकाच मास फ्लोला असंख्य दाब चालतात. तिथे आउटलेटला मास फ्लो दिला, तर यंत्राला काहीच निश्चित सांगितलेले नसते, आणि तो आकडा मॉडेलच्या चोकपेक्षा अर्ध्या टक्क्याने जास्त असला तर उत्तर अस्तित्वातच नसते. सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम) मग आउटलेटचा दाब खाली, आणखी खाली नेत राहतो आणि शेवटी कोसळतो. तुमच्या दुसऱ्या जोडीचे हेच झाले. आडव्या भागात उलट होते. दाबात जरा फरक केला की मास फ्लो खूप हलतो, आणि वक्राच्या शिखरापेक्षा किंचित जास्त दाब मागितला तर ते यंत्र तो देऊच शकत नाही. प्रवाह घटत जातो आणि उलटतो. तुमच्या तिसऱ्या जोडीची ही कथा. यावरून साधा नियम निघतो: चोककडच्या भागात आउटलेटला स्टॅटिक प्रेशर द्यावे, सर्जकडच्या भागात मास फ्लो द्यावा, आणि मधल्या भागात दोन्हींनी एखादा बिंदू चालवून उत्तरे जुळतात का ते पाहावे. जुळली नाहीत तर चूक सीमा-अटींत नसून सेटिंगमध्ये कुठेतरी आहे, असे समजून शोध घ्यावा.

दर वेळी जोडी बदलण्याचा कंटाळा येत असेल, तर संपूर्ण स्पीड लाइनला पुरणारे दोन मार्ग आहेत. पहिला, आउटलेटचा करेक्टेड मास फ्लो देणे, म्हणजे मास फ्लो आउटलेटच्या टोटल प्रेशरने व टोटल टेंपरेचरने करेक्ट करून. चोककडे मास फ्लो थांबलेला असला तरी आउटलेटचा दाब घसरत असल्याने ही राशी वाढत राहते. सर्जकडे दाब थांबलेला असला तरी मास फ्लो घटत असल्याने ती घटत राहते. त्यामुळे प्रत्येक मूल्याला वक्रावर एकच बिंदू मिळतो. सीएफएक्स या सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय तयार मिळतो. दुसरा मार्ग थ्रॉटलचा. चाचणीच्या बाकावर आउटलेटपुढे झडप असते आणि तिच्यातून जाताना पडणारा दाब साधारणपणे मास फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आउटलेटचा दाब म्हणजे बाहेरचा दाब अधिक एक स्थिरांक गुणिले मास फ्लोचा वर्ग, असे सूत्र लिहिले की तो पॅराबोला उभ्या भागालाही छेदतो आणि आडव्या भागालाही, आणि पुढचा बिंदू हवा असला की फक्त स्थिरांक बदलायचा. मला हा मार्ग अधिक आवडतो, कारण त्याला भौतिक अर्थ आहे. मात्र दाब प्रत्येक आवर्तनाला पूर्णपणे बदलू देऊ नये. नव्या मूल्याकडे हळूहळू सरकू द्यावा, नाहीतर मास फ्लो आणि दाब एकमेकांचा पाठलाग करत हेलकावत राहतात.

कोणताही मार्ग घेतला तरी कमी प्रवाहाकडे शेवटचा कन्व्हर्ज झालेला बिंदू म्हणजे सर्ज नव्हे. एका पॅसेजच्या स्थिर सिम्युलेशनमध्ये पात्यांच्या रांगेभोवती फिरणारा स्टॉलचा, म्हणजे पात्यांपासून सुटलेल्या प्रवाहाचा, गठ्ठा मावूच शकत नाही, आणि सर्ज तर पुढच्या पाइपांतील व प्लेनममधील (टाकीसारख्या पोकळीतील) हवेच्या साठ्यावरही अवलंबून असतो. आउटलेटला मास फ्लो देऊन तुम्ही शिखराच्या डावीकडे थोडे जाऊ शकता. पण तिथले आकडे अहवालातल्या सर्ज लाइनशेजारी मांडताना जपून मांडावेत.

यापुढचा मुद्दा संदर्भ-चौकटीचा आहे, आणि चुकीची उत्तरे सगळ्यांत जास्त इथे निघतात असा माझा अनुभव आहे. तुमचा इम्पेलरचा भाग फिरत्या चौकटीत सोडवला जातो आणि त्याची इनलेटही त्याच भागात आहे. तिथे दिलेले टोटल प्रेशर स्थिर चौकटीतले समजले जाते की फिरत्या, हे सॉफ्टवेअरमधला एक पर्याय ठरवतो. फरक किती पडतो ते पाहा. टोटल टेंपरेचर २८८.१५ केल्विन, अक्षीय वेग सेकंदाला १५० मीटर, पूर्वभोवरा (इनलेटलाच हवेला असलेली फिरकी) नाही आणि त्या त्रिज्येवर पात्याचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरा. हवेची विशिष्ट उष्णता १००५ जूल प्रति किलो-केल्विन घेतली, तर स्टॅटिक तापमान सुमारे २७७ केल्विन येते. सापेक्ष वेगाचा वर्ग ९०,००० अधिक २२,५००, म्हणजे १,१२,५००. त्यावरून सापेक्ष टोटल टेंपरेचर सुमारे ३३३ केल्विन येते. दोहोंच्या गुणोत्तराचा साडेतीनवा घात घेतला, की सापेक्ष टोटल प्रेशर स्थिर चौकटीतल्या टोटल प्रेशरच्या साधारण १.६६ पट भरते. म्हणजे तुम्ही १०१.३ किलोपास्कल लिहिले आणि सॉल्व्हरने ते फिरत्या चौकटीतले मानले, तर तुमचे यंत्र अतिशय विरळ हवा ओढत आहे. शिवाय हा फरक त्रिज्येनुसार बदलतो, म्हणून एका स्थिर गुणकाने तो दुरुस्तही होत नाही.

दिशेचेही तेच. ‘सीमेला लंब’ हा पर्याय फिरत्या चौकटीत लागू झाला, तर सापेक्ष प्रवाह लंब येतो, म्हणजे हवा इम्पेलरसोबतच फिरत आत शिरते आणि इम्पेलरच्या वाट्याचे काम बरेच कमी होते. माझी सवय अशी की पहिल्या शंभरेक आवर्तनांनंतर थांबायचे आणि इनलेटवर स्थिर चौकटीतला परिघीय वेग व टोटल प्रेशर यांचे आलेख पाहायचे. पहिला शून्य आणि दुसरा दिलेल्या आकड्याएवढा आलाच पाहिजे. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते टाळून रात्रभर चाललेले गणित सकाळी फेकून देण्यात अर्थ नाही.

भिंतींनाही हाच नियम लागतो. इम्पेलर उघडा असेल, म्हणजे पात्यांना पुढची तबकडी जोडलेली नसेल, तर श्राउड, म्हणजे पात्यांना बाहेरून झाकणारी भिंत, स्थिर असते. पण फिरत्या भागात काहीही न सांगता सोडलेली भिंत पात्यांसोबत फिरते असेच सॉल्व्हर धरतो. श्राउडला स्थिर चौकटीत वेग शून्य हे स्पष्ट सांगावे लागते. ते राहून गेले, तर टिप क्लिअरन्समधून (पात्याचे टोक आणि श्राउड यांच्यातल्या फटीतून) होणारी गळती बदलते, कारण पात्याच्या टोकासमोरून भिंत मागे सरकण्याचा परिणामच नाहीसा होतो. इम्पेलरच्या आधीचा हबचा (पाती ज्यावर बसतात त्या आतल्या भिंतीचा) भाग प्रत्यक्षात फिरतो की स्थिर आहे, आणि डिफ्युझरच्या दोन्ही भिंती फिरत्या भागात राहिल्या आहेत का, हेही रेखाचित्र समोर ठेवून तपासा.

आता आउटलेटवरची दाबाची वाटणी. अक्षीय यंत्रात, म्हणजे हवा अक्षाला समांतर जाते तिथे, रोटरच्या (फिरत्या पात्यांच्या रांगेच्या) मागे भोवरा असतो आणि त्याला तोलण्यासाठी दाब त्रिज्येसोबत वाढावाच लागतो. परिघीय वेग सेकंदाला १२० मीटर, घनता १.३, हबची त्रिज्या ०.१५ मीटर आणि टोकाची ०.२५ मीटर धरली, तर हब आणि टोक यांच्या दाबांत सुमारे ९.६ किलोपास्कल फरक पडतो. तिथे सगळ्या उंचीला एकच स्टॅटिक प्रेशर लादले, तर हबकडचा प्रवाह अडवला जातो आणि टोकाकडचा ओढला जातो. म्हणून अक्षीय आउटलेटला एका त्रिज्येवरचा दाब देऊन बाकीचा रेडियल इक्विलिब्रियमने, म्हणजे भोवरा आणि दाबाचा चढ यांच्या तोलाने, ठरू द्यावा, किंवा पूर्ण पृष्ठभागाची सरासरी बांधून वाटणी मोकळी सोडावी. तुमच्या बाबतीत मात्र आउटलेट डिफ्युझरच्या शेवटी, एकाच त्रिज्येवर आहे. भोवऱ्याने निर्माण होणारा दाबाचा चढ त्या पृष्ठभागाला लंब दिशेत असल्यामुळे तिथे रेडियल इक्विलिब्रियमचा पर्याय लावण्याचे कारण नाही. सरासरी दाब बांधणारा पर्याय तुम्हाला पुरेल.

उलट प्रवाहाच्या सूचनांबद्दल. बिनपात्यांच्या डिफ्युझरमध्ये मास फ्लो कमी झाला की प्रवाह अधिकाधिक परिघाच्या दिशेने वळतो, भिंतींजवळच्या मंद थरांना वाढता दाब ओलांडता येत नाही आणि ते आत परतू लागतात. म्हणजे तुम्हाला दिसणारा उलट प्रवाह काही अंशी खरा असू शकतो. सुरुवातीच्या आवर्तनांत अशा सूचना आल्या आणि पुढे विरल्या, तर मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. त्या शेवटपर्यंत राहिल्या, तर सॉल्व्हर तिथे काय करतो हे माहीत असायला हवे. सीएफएक्सचा ‘आउटलेट’ हा प्रकार अशा ठिकाणी कृत्रिम भिंत उभी करतो आणि प्रवाहाचा मार्ग अरुंद करतो. फ्लुएंट या सॉफ्टवेअरमध्ये प्रेशर आउटलेटवर परत येणाऱ्या हवेचे टोटल टेंपरेचर तुम्ही द्यायचे असते, आणि हात लावला नाही तर ते ३०० केल्विन असते. दाबाचे गुणोत्तर २.५ आणि कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर तुमच्या आउटलेटची हवा सुमारे ३९६ केल्विनला असेल. तिथे ३०० केल्विनची हवा आत शिरू लागली की सरासरी तापमानवाढ कमी दिसते आणि कार्यक्षमता फुगते. कोणी आश्चर्यकारक चांगली कार्यक्षमता दाखवली की मी हा आकडा आधी विचारतो.

उपाय म्हणून आउटलेट दूर न्यावी असे सर्रास सांगितले जाते आणि अक्षीय यंत्रात ते बरोबरही आहे. तिथे मी शेवटच्या पात्यानंतर किमान दीड ते दोन कॉर्डएवढे (कॉर्ड म्हणजे पात्याची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची लांबी) अंतर ठेवतो आणि पुढे इनलेटकडेही साधारण एका कॉर्डपेक्षा कमी ठेवत नाही. पण बिनपात्यांचा डिफ्युझर समांतर भिंतींनीच पुढे वाढवला, तर त्रिज्येच्या दिशेतला वेग आणखी घटतो आणि उलट प्रवाह वाढतो. त्याऐवजी दाब मोजण्याच्या त्रिज्येपलीकडे थोडा भाग जोडावा, त्याची रुंदी हळूहळू कमी करत न्यावी आणि त्या जोडभागाच्या भिंती घर्षणरहित ठेवाव्यात. प्रवाह पुन्हा वेग घेऊन बाहेर पडतो आणि सीमा शांत राहते. अट एवढीच की निकाल मोजायचे ते मूळ मोजमापाच्या त्रिज्येवरच, नव्या आउटलेटवर नव्हे. आउटलेटचा दाब मग तुम्हाला थेट माहीत नसतो. पण मास फ्लोने किंवा थ्रॉटलने चालवत असाल तर त्याची गरजही पडत नाही.

आकड्यांच्या काही बारीकसारीक बाबी आहेत. त्या लवकर सांगून टाकतो. एका पॅसेजला मास फ्लो द्यायचा तो एका पॅसेजचाच. तुमच्या इम्पेलरला सात मोठी आणि सात स्प्लिटर (मोठ्या पात्यांमधली आखूड) पाती असतील, तर एका पॅसेजमध्ये दोन्हींपैकी एकेक येते, पॅसेजचा कोन ३६० भागिले ७ येतो आणि मास फ्लोही सातानेच भागायचा, चौदाने नाही. संदर्भ दाब शून्य ठेवला आहे की १०१,३२५ पास्कल हे पाहा. तो १०१,३२५ असताना टोटल प्रेशरही १०१,३२५ लिहिले, तर तुम्ही दुप्पट दाबाची हवा दिली. अहवालातले मास फ्लो आणि फेरे प्रत्यक्ष मोजलेले आहेत की २८८.१५ केल्विन आणि १०१.३२५ किलोपास्कलवर आणलेले, हेही शोधा. चाचणीच्या दिवशी हवा ३५ अंश सेल्सिअसला असली, तर त्याच फेऱ्यांना करेक्टेड वेग सुमारे ३.३ टक्के कमी भरतो. दाबाची वाढ वेगाच्या वर्गासारखी बदलत असल्याने ती सुमारे साडेसहा टक्के कमी येते. एवढी तफावत पाहून लोक टर्ब्युलन्स मॉडेल बदलायला धावतात.

टर्ब्युलन्सबद्दल ठाम आकडा देणे अवघड आहे, कारण तो इनलेटच्या आधी काय आहे यावर अवलंबून आहे. उघड्या तोंडाने स्वच्छ हवा ओढणाऱ्या कॉम्प्रेसरला मी एक ते पाच टक्के तीव्रता देतो. ज्वलनकक्षाच्या मागच्या टर्बाइनला दहा टक्के आणि त्याहूनही जास्त. तीव्रतेसोबत लांबीचे प्रमाणही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण ते फार लहान दिले तर पात्यापर्यंत पोहोचण्याआधीच टर्ब्युलन्स विरतो. ट्रान्झिशन मॉडेल (प्रवाह संथ थरातून टर्ब्युलंट कधी होतो ते वर्तवणारे) वापरत नसाल, तर तुमच्या इम्पेलरमध्ये याचा निकालावर फार परिणाम होईल असे मला वाटत नाही. तरी एकदा तीव्रता दुप्पट करून पाहावी. त्यापेक्षा जास्त परिणाम इनलेटच्या भिंतीलगतच्या थरांचा होतो. सर्व उंचीवर एकसारखे टोटल प्रेशर दिले, तर ते थर नाहीतच असे तुम्ही सांगता, आणि मग पात्याच्या टोकाकडचे नुकसान कमी येते. चाचणीच्या वेळी इम्पेलरपुढे लांब पाइप असेल, तर तो पाइप वेगळा सोडवून त्याच्या शेवटची टोटल प्रेशरची वाटणी इनलेटला द्यावी.

सीमेवरची छोटी गोष्ट किती लांब पोहोचते याचे उत्तम उदाहरण नासाचा रोटर ३७ हा अक्षीय कॉम्प्रेसरचा रोटर आहे: ३६ पाती, मिनिटाला सुमारे १७,१८९ फेरे, दाबाचे गुणोत्तर २.१०६ आणि मोजलेला चोक मास फ्लो २०.९३ किलो प्रति सेकंद. १९९४ मध्ये या रोटरवर सीएफडीची (संगणकावर प्रवाह सोडवण्याच्या पद्धतीची) अंध परीक्षा घेण्यात आली. मोजमापे न दाखवता अनेकांनी आपापल्या कोडने तो सोडवला. प्रत्येक कोडचा चोक मास फ्लो थोडा वेगळा येतो, म्हणून तुलना करताना मास फ्लो त्या त्या कोडच्या स्वतःच्या चोकने भागण्याची रीत या रोटरच्या बाबतीत रूढ आहे. तुम्हीही तुमचा आलेख तसाच काढा. या रोटरच्या मागे हबजवळ टोटल प्रेशरमध्ये एक खळगा मोजला गेला होता आणि अनेक सिम्युलेशनमध्ये तो दिसत नव्हता. पुढे असे दाखवले गेले की रोटरच्या आधी स्थिर आणि फिरता हब यांच्यामधल्या फटीतून येणारी अगदी थोडी गळतीसुद्धा तसा खळगा पाडू शकते. ज्या फटीला मॉडेलमध्ये सलग भिंत मानले होते, तीच एक सीमा निघाली. तुमच्या इम्पेलरच्या मागच्या तबकडीलगतची फट आणि सीलची गळती अहवालात कुठे नोंदली आहे का, ते म्हणूनच पाहायला सांगतो.

यंत्र बदलले की वरची काही उत्तरे बदलतात. टर्बाइनमध्ये मास फ्लो बहुधा नोझलचा गळा ठरवतो. म्हणून तिथे इनलेटला टोटल राशी आणि आउटलेटला स्टॅटिक प्रेशर द्यावे आणि मास फ्लो निकाल म्हणून वाचावा. पाण्याच्या पंपात दाबाची पातळी नुसती वरखाली सरकते, त्यामुळे इनलेटला मास फ्लो आणि आउटलेटला दाब देणे निर्दोष आहे. इनलेटला टोटल प्रेशर आणि आउटलेटला मास फ्लो हेही चालते. कॅव्हिटेशन (दाब घसरून पाण्यात वाफेचे बुडबुडे होणे) पाहायचे असेल तेव्हा मात्र इनलेटचे खरे टोटल प्रेशर द्यावेच लागते. पुढे डिफ्युझरमध्ये पाती बसवून तो स्थिर भाग मिक्सिंग प्लेनने (परिघावरची सरासरी पुढे देणाऱ्या जोडाने) जोडलात आणि शॉक किंवा लाटा सीमेवर आपटून परत येताना दिसल्या, तर गाइल्स यांनी १९९० मध्ये मांडलेल्या अपरावर्ती (लाटा परत न पाठवणाऱ्या) सीमा-अटींचा पर्याय सॉल्व्हरमध्ये आहे का ते पाहा. आज तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

तुमच्या जागी मी असतो तर काम असे पुढे नेले असते. इनलेटला स्थिर चौकटीतले टोटल प्रेशर, टोटल टेंपरेचर आणि अक्षीय दिशा. डिफ्युझरच्या मोजमापाच्या त्रिज्येपलीकडे अरुंद होत जाणारा जोडभाग. पहिला बिंदू चोककडचा, आउटलेटला मुद्दाम कमी स्टॅटिक प्रेशर देऊन, कारण तिथे प्रवाह पात्यांना चिकटून राहतो आणि शून्यातून सुरू केलेले गणितही तग धरते. तिथून प्रत्येक नवा बिंदू आधीच्या उत्तरावरून सुरू करायचा आणि दाब पायरीपायरीने वाढवायचा. एका पायरीत मास फ्लो दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त घटू लागला, की वक्र आडवा होत आल्याचे समजून आउटलेटला मास फ्लो किंवा थ्रॉटल लावायचा आणि पायऱ्या लहान करायच्या. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली गेले एवढ्यावर बिंदू स्वीकारू नये. इनलेट व आउटलेटचे मास फ्लो, दाबाचे गुणोत्तर आणि कार्यक्षमता या तिन्ही रेषा सपाट झाल्या आहेत का ते पाहावे. सर्जकडे कार्यक्षमता सगळ्यांत शेवटी स्थिरावते.

आणि चाचणी-अहवालात आउटलेटचा दाब कुठे मोजला आहे, ते हे सगळे सुरू करण्याआधीच शोधा. तो व्हॉल्यूटच्या (डिफ्युझरभोवतीच्या गोगलगाईसारख्या वळणदार कवचाच्या) पुढच्या पाइपात मोजलेला असेल, तर त्यात व्हॉल्यूटचे नुकसान आणि तिथे परत मिळालेला दाब दोन्ही मिसळलेले आहेत. तो आकडा तुमच्या डिफ्युझरच्या शेवटी सीमा म्हणून देता येणार नाही आणि तुलनेलाही घेता येणार नाही. त्या परिस्थितीत एकतर व्हॉल्यूट मॉडेलमध्ये घ्यावी लागेल किंवा इम्पेलरमधून हवा बाहेर पडते तिथे श्राउडवर मोजलेला स्टॅटिक प्रेशर अहवालात आहे का ते पाहावे लागेल. तो असेल तर मास फ्लोसोबत इथे लिहा, त्यावरून पुढचे सांगता येईल.